रॉकचं माहेर

नागपुरातल्या ख्रिस्ती घरांत एक वाद वर्षानुवर्षं मिटलेला नाही. रविवारी सकाळी उपासनेत गायनमंडळाला गिटारची साथ करणारा मुलगा संध्याकाळी कानाला हेडफोन लावून रोलिंग स्टोन्स नाहीतर डीप पर्पल ऐकत बसतो. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ही जगिक गाणी, विश्वासणाऱ्याच्या घरात कशाला? मुलगा म्हणतो, संगीताला कुठे धर्म असतो? पाळकसाहेबांकडे तक्रार गेलीच, तर ते बहुधा मधला मार्ग काढतात: ऐक, पण बेतानं. गंमत अशी की, भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्यच असते. रॉक चर्चच्या बाहेर जन्मलं आणि बाहेरून आत घुसलं, हे दोघंही धरून चालतात. इतिहास याच्या नेमका उलट आहे. रॉकचं माहेर चर्च आहे. मात्र ते चर्च उंच मनोऱ्याचं आणि रंगीत काचांचं नव्हतं. अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांनी लाकडी खोपटांत आणि भाड्याच्या खोल्यांत उभं केलेलं ते चर्च होतं.

ऑर्गनही एकेकाळी परकाच

आधी नागपूरचंच पाहू. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इथे आला, तेव्हा भोसल्यांचं राज्य अजून खालसा झालेलं नव्हतं. तो ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा होता, त्या चर्चमध्ये उपासनेत वाद्य चालत नसे. दाविदाची स्तोत्रं छंदात बसवायची आणि एका अग्रगायकामागून साऱ्या मंडळीनं नुसत्या गळ्यानं म्हणायची, एवढंच त्यांचं संगीत. ऑर्गन हा त्यांच्या लेखी देवघरातला घुसखोर होता. फ्री चर्चनं उपासनेत वाद्याला परवानगी दिली ती १८८३ मध्ये. योगायोग असा की, त्याच वर्षी नागपुरात हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज सुरू झालं. आज ज्या ऑर्गनच्या सुराला आपण ‘खरं चर्चसंगीत’ म्हणतो, तो सूर हिस्लॉपच्या चर्चला त्याच्या हयातीत मान्य नव्हता.

हिस्लॉपचे कान मात्र बंद नव्हते. लिंगो या गोंडांच्या देवपुरुषाविषयीची गाणी त्यानं परधान गायकाकडून उतरवून घेतली. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून त्याचा अंत झाला. त्याचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, म्हणून ती गाणी अभ्यासकांना मिळाली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या परंपरांची मंडळं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेही नागपुरातच. एकाला ऑर्गन आणि शिस्तबद्ध गायकवृंद प्रिय, दुसऱ्याला साऱ्या मंडळीनं मोकळ्या आवाजात गाणं प्रिय. ‘चर्चचं संगीत’ या नावाखाली एकच काहीतरी कधी नव्हतंच.

सुरांची ये-जाही जुनीच आहे. शुभ शुक्रवारी जगभरच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या जखमी मस्तकाविषयीचं जे गंभीर गीत गातात, त्याची चाल हान्स लिओ हासलर या जर्मन संगीतकारानं १६०१ मध्ये एका प्रेमगीतासाठी छापली होती. बाखनं ती पुढे आपल्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये वारंवार वापरली. आज ती ऐकताना कुणाला प्रेयसी आठवत नाही. इंग्लंडमध्ये साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेनं दारूच्या गुत्त्यांतल्या आणि म्युझिक हॉलमधल्या चालींवर सरळ ख्रिस्ती शब्द बसवले. हीच मंडळी १८८२ मध्ये मुंबईत उतरली आणि गात-वाजवत रस्त्यावर मिरवणूक काढल्याबद्दल त्यांना अटकही झाली.

मराठी ख्रिस्ती समाजानं तर हा प्रश्न फार पूर्वी आपल्या पद्धतीनं सोडवला. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली. नंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. धर्मांतरापूर्वी ते नागपुरात बुटी घराण्याच्या आश्रयाला होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं सांगणाऱ्या या कवीनं भाषांतरित इंग्रजी गीतांवर समाधान मानलं नाही. त्यांनी अभंग, ओवी आणि भजन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचं पान दिलं. नागपुरातच १९३३ मध्ये भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक होत्या. टाळ, वीणा आणि अभंगाची चाल ‘दुसऱ्यांची’ म्हणून नाकारता आली असती. आज टिळकांची पदं गाताना कुणाच्या मनात ती शंका येत नाही.

गुलामांची गाणी बारडोलीत

आता अमेरिकेकडे वळू. मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांना धर्म मालकांकडून मिळाला. पण पवित्र शास्त्रातून त्यांनी आपल्याला हवं तेच नेमकं वेचलं: मिसरातून झालेली इस्राएलाची सुटका, सिंहांच्या गुहेतून वाचलेला दानीएल, यार्देन नदीचा पलीकडचा काठ. त्यातून ‘स्पिरिच्युअल’ म्हणून ओळखली जाणारी गाणी तयार झाली. १८७१ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क शाळेचे विद्यार्थी, म्हणजेच ज्युबिली गायक, संस्थेसाठी पैसे उभे करायला गात निघाले आणि ही गाणी जगापुढे आली. फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखालचं ज्युबिली गायकांचं पथक १८८४ ते १८९० या काळात जगभर फिरलं. त्या दौऱ्यात ते भारतातही गायलं.

फेब्रुवारी १९३६ मध्ये हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन बारडोलीला गांधीजींना भेटले. वर्णभेद, अस्पृश्यता आणि अहिंसा यांवर बराच वेळ बोलणं झालं. मग गांधीजींनी त्यांना स्पिरिच्युअल म्हणून दाखवण्याची विनंती केली. ख्रिस्ताच्या वधस्तंभाविषयीचं एक गाणं त्यांनी तिथे गायलं. अहिंसेचा अस्सल संदेश कदाचित अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडूनच जगाला मिळेल, असं गांधीजी त्या भेटीत म्हणाले. ज्या गाण्यांतून पुढे गॉस्पेल हे कृष्णवर्णीय चर्चचं भक्तिसंगीत आणि रॉक आलं, त्यांच्याशी आपल्या स्वातंत्र्यलढ्याची अशी गाठ पडलेली आहे.

केडगाव आणि लॉस एंजेलिस

रॉकच्या घराण्यात महाराष्ट्राचाही एक दूरचा धागा आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगाव इथल्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. शेकडो मुली आणि स्त्रिया एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. कुणी रडत होतं, कुणी आनंदानं गात होतं. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं, ही शिस्त तिथे उरली नाही. त्यानंतर वर्षभरातच, एप्रिल १९०६ मध्ये, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांना सुरुवात झाली. त्याचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. या सभांतून पसरलेल्या पेंटेकॉस्टल पंथाची सुरुवात एकट्या अमेरिकेत झाली असं आता इतिहासकार मानत नाहीत. त्याच्या उगमस्थानांत केडगावचं नाव आदरानं घेतलं जातं.

अझुसा स्ट्रीटवर १९०७ मध्ये चार्ल्स मेसन येऊन गेले आणि त्यांचं ‘चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट’ पेंटेकॉस्टल झालं. या चर्चनं १५० वं स्तोत्र शब्दशः घेतलं. तंतुवाद्य, झांजा, नृत्य यांनी देवाची स्तुती करा असं शास्त्रच सांगत असेल, तर लाजायचं कशाला? त्यांच्या उपासनेत ड्रम आले, डफासारखं टँबोरिन आलं, पियानो, गिटार, ट्रॉम्बोन आले. शहरातली प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चं यावर नाक मुरडत. रॉकचा गाभा मात्र याच ‘गावंढळ’ चर्चमध्ये तयार होत होता.

तो गाभा कोणता? पहिली गोष्ट ठेक्याची. चार मात्रांच्या चालीत युरोपीय स्तोत्रांचं वजन पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतं. या चर्चमध्ये टाळी पडे ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. रॉकमधला ड्रमवाला काठी नेमकी तिथेच मारतो. कुठलंही रॉक गाणं लावा आणि टाळी धरा, हात आपोआप त्या जागी जातो. दुसरी गोष्ट हाक आणि होकाराची. उपदेशक एक ओळ फेकतो, मंडळी ती झेलते. आपल्या पोवाड्यातले झीलकरी किंवा भजनातले टाळकरी हेच करतात. रॉकमध्ये मंडळीची जागा गिटार घेते: गायक एक ओळ म्हणतो आणि गिटार त्याला उत्तर देते.

तिसरी गोष्ट सुरांची. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी घसरणारा स्वर, तसाच निषाद. युरोपीय पट्टीवर ही जागाच नाही. तीच कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या जगिक गाण्यांची आणि गॉस्पेलची खूण. चौथी गोष्ट गळ्याची: खरखर, कापरा आवाज आणि अचानक वर उडी घेणारी किंकाळी. मॅरियन विल्यम्स या गॉस्पेल गायिकेची ती उंच हाळी लिटल रिचर्डनं उचलली आणि लिटल रिचर्डकडून ती बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं घेतली. पाचवी गोष्ट वाद्याची. १९३५ मध्ये बाजारात आलेला हॅमंड ऑर्गन गरीब चर्चना परवडला, कारण नळ्यांचा खरा ऑर्गन त्यांच्या आवाक्याबाहेर होता. पुढे डीप पर्पलच्या जॉन लॉर्डनं हेच वाद्य गरजतं केलं.

डॉर्सी आणि थार्प

थॉमस डॉर्सी हा उपदेशकाचा मुलगा. विसाव्या शतकाच्या विशीत तो ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं ब्लूज वाजवी. मा रेनी या थोर ब्लूज गायिकेला त्यानं पियानोची साथ केली. १९२८ मध्ये टॅम्पा रेडबरोबर त्यानं केलेलं एक चावट गाणं तुफान खपलं. १९३२ मध्ये त्याची पत्नी बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून त्यानं ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत रचलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं हे आवडतं गीत आणि त्यांच्या अंत्यविधीत ते महेलिया जॅक्सन या गॉस्पेल गायिकेनं गायलं. डॉर्सीचं खरं काम असं की, त्यानं ब्लूजची चाल, ठेका आणि वळणं जशीच्या तशी ठेवून त्यांत ख्रिस्ती आशय ओतला. शिकागोतल्या अनेक चर्चनी सुरुवातीला त्याला दारात उभं केलं नाही. आज त्याला ‘गॉस्पेलचा जनक’ म्हणतात.

डॉर्सीनं जग चर्चमध्ये आणलं, तर सिस्टर रोझेटा थार्पनं चर्च जगात नेलं. १९१५ मध्ये आर्कान्सॉच्या कॉटन प्लांट गावी तिचा जन्म झाला. आई चर्च ऑफ गॉड इन क्राइस्टमध्ये सुवार्तिक होती आणि लेक लहानपणापासून आईबरोबर गिटार वाजवत सभा गाजवी. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गायली. त्याच वर्षी तिनं डॉर्सीचं एक भक्तिगीत ‘रॉक मी’ या नावानं ध्वनिमुद्रित केलं. चर्चमधली माणसं दुखावली: देवाचं गाणं दारूच्या टेबलांमध्ये? थार्प थांबली नाही. तिचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे गाणं १९४५ मध्ये कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियता यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पुष्कळ जाणकार त्याला पहिल्या रॉक अँड रोल गाण्यांत धरतात. शब्द निखळ ख्रिस्ती, गिटार मात्र दहा वर्षांनंतरची.

१९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन इथे तिच्या कार्यक्रमाआधी एक चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा तिचीच गाणी गुणगुणत होता. तिनं त्याला स्टेजवर बोलावून गायला लावलं आणि पैसेही दिले. तो लिटल रिचर्ड. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर ब्रिटिश टीव्हीनं तिचा कार्यक्रम चित्रित केला. पावसाळी फलाट, अंगात कोट आणि गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवलेली पन्नाशीकडे झुकलेली बाई. हे चित्रण आज सहज पाहायला मिळतं आणि जरूर पाहावं. थार्प १९७३ मध्ये वारली. तिच्या थडग्यावर अनेक वर्षं दगडसुद्धा नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं ते २०१८ मध्ये.

सीमेवरची माणसं

१९५४ मध्ये रे चार्ल्सनं सदर्न टोन्स या गॉस्पेल गटाच्या गाण्याचा साचा घेतला, येशूच्या जागी एक बाई ठेवली आणि ‘आय गॉट अ वुमन’ तयार झालं. सोल संगीताचं दार तिथे उघडलं. चर्च रागावलं हे ओघानंच आलं, पण बिग बिल ब्रून्झीसारख्या ब्लूज गायकालाही ते रुचलं नाही. ब्लूज आणि भक्तिगीत यांची भेसळ करू नये, असं त्याचं मत होतं. सीमा राखण्याची इच्छा दोन्हीकडे होती. सोल स्टरर्स या नामवंत गॉस्पेल गटाचा देखणा गायक सॅम कुक यानं पहिलं प्रेमगीत ‘डेल कुक’ या खोट्या नावानं काढलं. आवाज लपला नाही. १९५७ मध्ये ‘यू सेंड मी’ गाजलं आणि चर्चचा मंच त्याला दुरावला. रोलिंग स्टोन्सचं १९६५ चं ‘द लास्ट टाइम’ तर स्टेपल सिंगर्सच्या गॉस्पेल गाण्यावर उघड उघड उभं आहे.

पहिल्या पिढीच्या रॉक गायकांचा जीव या सीमेवर कायम ओढला जात राहिला. जेरी ली लुईस टेक्सासमधल्या बायबल शाळेत शिकत होता. उपासनेत भक्तिगीत बूगीच्या ठेक्यात वाजवलं म्हणून त्याला घरी पाठवलं. १९५७ मध्ये ध्वनिमुद्रण थांबवून तो स्टुडिओमालक सॅम फिलिप्सशी हुज्जत घालत बसला की, हे संगीत सैतानाचं आहे आणि ते वाजवणारा तारला जाऊ शकत नाही. हा वाद टेपवर आहे. त्याचा मावसभाऊ जिमी स्वॅगर्ट पुढे जगप्रसिद्ध सुवार्तिक झाला. लिटल रिचर्डनं १९५७ मध्ये ऐन भरात, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना, रॉक सोडल्याचं जाहीर केलं आणि तो अॅलाबामात धर्मशास्त्र शिकायला गेला. काही वर्षांनी तो परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. एल्विस प्रेस्ली असेंब्लीज ऑफ गॉडच्या चर्चमध्ये वाढला. ‘रॉकचा राजा’ म्हणवणाऱ्या या माणसाला स्पर्धेतली तीन ग्रॅमी पारितोषिकं मिळाली आणि तिन्ही भक्तिसंगीतासाठी.

या सीमेवर स्थिरावलेलं एक नाव भारताशी जोडलेलं आहे. क्लिफ रिचर्ड, मूळचा हॅरी वेब, १९४० मध्ये लखनौला जन्मला. रॉक अँड रोलचा पहिला मोठा ब्रिटिश तारा तोच. १९६६ मध्ये लंडनमध्ये बिली ग्रॅहम यांच्या सभेत त्यानं आपला ख्रिस्ती विश्वास जाहीर केला. आता रॉक सोडावं असं त्याच्याही मनात होतं. त्यानं ते सोडलं नाही. भक्तिगीतंही गायली, प्रेमगीतंही गायली आणि दोन्ही उघडपणे. महेलिया जॅक्सननं उलट वाट धरली. मोठमोठ्या रकमा देऊ केल्या तरी तिनं नाइट क्लबमध्ये गायला नकार दिला. १९७१ मध्ये ती भारतात आली, तेव्हाही भक्तिगीतंच गायली. दोघांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचं कारण नाही. एकाच श्रद्धेतून दोन निर्णय निघू शकतात, एवढाच त्याचा अर्थ.

चर्चचा विरोधही खोटा नव्हता, पण तो नेहमी सुरांपुरता नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९५० च्या दशकात रॉकवर झालेल्या हल्ल्यांत वर्णद्वेषाचा वाटा मोठा होता. गोरी पोरं काळ्यांच्या तालावर नाचतात, हे खरं दुखणं. १९६६ मध्ये जॉन लेननच्या येशूविषयीच्या विधानावरून बीटल्सच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. त्यानंतर तीनच वर्षांत, १९६९ मध्ये, लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम आला आणि ख्रिस्ती रॉक नावाची शाखा फुटली. १९७९ ते १९८१ या काळात खुद्द बॉब डिलननं ख्रिस्ती गाण्यांचे तीन अल्बम काढले. आज आपल्या तरुण मंडळींच्या संगतीत गिटार-ड्रमवर जी उपासनागीतं चालतात, ती याच शाखेची फळं.

आपल्या अंगणातले दाखले

भारतात हे संगीत रुजवण्यातही चर्चमध्ये घडलेल्या हातांचा वाटा मोठा. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत, कारण रविवारच्या मिस्साला गायक-वादक हवे असत. ही मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि तिथून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली नावं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ चं गाजलेलं गाणं त्यांच्याच नावावरून आलं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘आशा’ (१९५७) मध्ये किशोरकुमारकडून ‘ईना मीना डीका’ गाऊन घेतलं, तेव्हा हिंदी चित्रपटातल्या त्या रॉक अँड रोलमागे अशा गोवेकर वादकांनी मुंबईत घडवलेली बँडची परंपरा उभी होती.

मराठी कानांना ही ये-जा मुळीच नवी नाही. किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा कीर्तनातली साकी आणि दिंडी नाटकात गेली. नंतर नाट्यपदांच्या चाली घेऊन कीर्तनकार उभे राहू लागले. उत्तर पेशवाईतला राम जोशी डफ-तुणतुण्यावर लावण्या गाई आणि कीर्तनही करी. नागपूर विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या तुकडोजी महाराजांची खूण म्हणजे खंजिरी. कॉटन प्लांटच्या चर्चमधलं टँबोरिन आणि तुकडोजींच्या मोझरीची खंजिरी ही एकाच जातीची वाद्यं. हजारोंचा समुदाय एका ठेक्यावर हलवण्याचं काम दोन्हींनी केलं. नागपुरातल्या भीमगीतांतही चित्रपटाच्या आणि कव्वालीच्या चाली बेधडक येतात. त्यामुळे बाबासाहेबांविषयीची निष्ठा तसूभरही उणी होत नाही.

मग ऐकावं का?

यावरून ‘रॉक म्हणजे चर्चचंच, तेव्हा सगळं चालतं’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो चुकीचा ठरेल. मूळ पवित्र म्हणून फळ पवित्र, असं होत नाही. जेरी ली लुईसची काळजी हास्यास्पद नव्हती. प्रसिद्धी, नशा आणि पैसा यांनी अनेक गुणी गायकांची आयुष्यं खाल्ली, आणि बाईला वस्तू समजणारे शब्द कितीही उत्तम ठेक्यावर आले तरी ते शब्द तसेच राहतात. आक्षेप घ्यायचा तर तो शब्दांवर, वागण्यावर आणि त्या गाण्यानं आपल्यात काय जागं केलं यावर घ्यावा. ड्रमवर, गिटारवर किंवा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर घेतलेला आक्षेप इतिहासासमोर टिकत नाही. तो ग्राह्य धरायचा तर थार्पची उपासना नाकारावी लागेल, डॉर्सीचं दुःख नाकारावं लागेल, आणि तोच न्याय घरी लावला तर टिळकांच्या अभंगांवरही बोट ठेवावं लागेल.

रॉक ऐकणाऱ्या तरुणांवरही एक जबाबदारी येते. ‘संगीताला धर्म नसतो’ हे वाक्य उदार वाटतं, पण या संगीतामागच्या माणसांना ते पुसून टाकतं. या सुरांना धर्म होता, वर्ण होता आणि गुलामगिरीचे वळ होते. ज्या चर्चनी ते घडवले, त्यांच्या वाट्याला कौतुक फार उशिरा आलं, आणि पैसा बहुतेक दुसऱ्यांनीच नेला.

म्हणून नागपुरातल्या गायनमंडळांना आणि तरुण संघांना एक सुचवावंसं वाटतं. एखाद्या शनिवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात वडीलधाऱ्यांनाही बोलवा आणि गाणी जोडीजोडीनं लावा. आधी स्टेपल सिंगर्स, मग रोलिंग स्टोन्स. आधी सदर्न टोन्स, मग रे चार्ल्स. आधी मॅरियन विल्यम्स, मग लिटल रिचर्ड, मग बीटल्स. शेवटी अरीथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’ लावा. जगिक संगीतात राणी ठरलेली ही पाळकाची लेक जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये परत जाऊन गायली, आणि तो तिच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमपैकी एक ठरला. ऐकून झाल्यावर वाद जरूर घाला. मात्र पोरगं रॉक ऐकतं म्हणून त्याच्या विश्वासावर शंका घेण्याआधी, त्याला रोझेटा थार्प कोण होती हे ठाऊक आहे का, ते विचारा. नसेल ठाऊक, तर ते सांगणं हे आपलं काम आहे.